एक भारी डिस्क नको, दोन साध्या घ्या

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ब्लॅक फ्रायडेच्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘बॅकअपसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ मग उत्तरांचा पाऊस. एक जण एका कंपनीचं नाव सांगतो. दुसरा म्हणतो, त्याच कंपनीची डिस्क माझ्याकडे दोन वर्षांत बसली. तिसरा म्हणतो, आता हार्ड डिस्क कोण घेतं, एसएसडी घ्या. आणि चौथा, जो बहुधा आयटीतला असतो, तो म्हणतो, क्लाउड असताना डबडं कशाला सांभाळायचं? विचारणारा बिचारा शेवटी ऑफरमध्ये दिसेल ती घेतो, एकदा भरतो आणि ड्रॉवरमध्ये टाकून देतो. झाला बॅकअप!

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्यापासून तर हा प्रश्न वर्षभर चालू आहे. इथेही जुने लॅपटॉप बदलले जातायत आणि तिकडे आईबाबांच्या टेबलावरचा डेस्कटॉपही. कॉम्प्युटर बदलताना माणसाला एकदम आठवण होते, की अरे, यात आपलं सगळं आहे.

माझं मत सांगते. ‘कोणत्या कंपनीची’ हा प्रश्न दुय्यम आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी नावं दिसतात ती वरच्या खोक्याची. आत यांच्यापैकीच कुणाची तरी डिस्क असते. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी तिच्याकडच्या लाखो डिस्कपैकी वर्षाला किती बंद पडतात याचे आकडे जाहीर करत असते. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आहे. आणि त्या डिस्क थंडगार खोलीत एका जागी बसलेल्या असतात, आपल्यासारख्या विमानातून फिरत नाहीत. म्हणजे शंभरात एखाद-दुसरी जाणारच. ती आपली नसेल हे कशावरून? पाच वर्षं वापरली तर शक्यता वाढतच जाते.

म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते. एका भारी डिस्कवर पैसे घालू नका. त्याच पैशात दोन साध्या घ्या, जमलं तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोन्हींवर तेच भरा. एक इथे ठेवा आणि एक भारतात.

बॅकअपच्या जगात ‘तीन-दोन-एक’ नावाचा एक नियम आहे, पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने तो रूढ केला. कुठल्याही महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. इथल्या लोकांची अडचण त्या ‘घराबाहेर’पाशी असते. कुणाच्या घरी ठेवायची? ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये? बँकेच्या लॉकरमध्ये? आपल्याला तो प्रश्नच नाही. आपली घरं मुळातच दोन देशांत आहेत, आणि वर्षा-दोन वर्षांनी आपण बॅग भरून जातोच. एरवी या दोन घरांमुळे आपली किती ओढाताण होते ते सगळ्यांना माहीत आहे. निदान या एका बाबतीत तरी त्याचा फायदा घेऊ या.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी मामी चिपळूणला राहते, बाजारपेठेजवळ, तळमजल्यावर. २०१४ च्या सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा दुपारच्या वेळी बसून मी तिचे सगळे अल्बम स्कॅन केले होते. मामाच्या कॉम्प्युटरवर एक प्रत ठेवली आणि एक माझ्या डिस्कवर घेऊन आले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. मामा-मामी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेले म्हणून वाचले. पाणी ओसरल्यावर खाली आले तेव्हा अल्बमचा नुसता लगदा झाला होता, आणि कॉम्प्युटर चिखलात. म्हणजे मूळ वस्तू आणि तिची प्रत, दोन्ही एकाच दिवशी गेल्या, कारण दोन्ही एकाच घरात होत्या. चिपळूणचं जुनं वाचनालयसुद्धा २००५ च्या पुरानंतर पुन्हा या पुरात सापडलं. तिथे घराघरात काय काय गेलं असेल याची मोजदाद कोण करणार?

माझ्या डिस्कवरचे फोटो मी इथून छापून घेतले आणि पार्सलने पाठवले. मामीचा फोन आला. लग्नाच्या फोटोंबद्दल ती काहीच बोलली नाही. एका कोपऱ्यातल्या फोटोबद्दल बोलली, ज्यात तिची आई चुलीपुढे बसलीय आणि अर्धा चेहरा धुरात आहे. ‘माझी आई एवढ्याच फोटोत आहे गं,’ म्हणाली. त्या डिस्कची किंमत काय होती ते मला आता आठवतही नाही.

तेव्हा आता प्रत्यक्ष डिस्ककडे येऊ.

दुकानात दोन जाती दिसतील. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, आणि आत काहीच न फिरणारी एसएसडी. एसएसडी वेगवान आहे, हातातून पडली तर सहसा काही होत नाही, आणि रोजच्या कामाला उत्तम आहे. पण आपल्याला ही वस्तू वर्षभर कपाटात ठेवायची आहे, हे लक्षात घ्या. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असते, आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. या उद्योगाचं जे मानक आहे ते घरगुती एसएसडीकडून, तिचं लिहिण्याचं आयुष्य पूर्ण संपलेलं असताना, ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष माहिती टिकवण्याची अपेक्षा करतं. नवी असेल तर पुष्कळ जास्त टिकते, मान्य. पण तापमान वाढलं की हे झिरपणंही वाढतं, आणि नागपूर-जळगावच्या मे महिन्यातल्या बंद फ्लॅटमधलं कपाट किती तापतं ते मी सांगायला नको. शिवाय तेवढ्याच जागेसाठी एसएसडीला पैसेही जास्त पडतात. कपाटात ठेवायला जुनी, फिरणारी, साधी हार्ड डिस्कच बरी. तीही अमर नाही. वर्षातून एकदा जोडून तिला फिरवायची, आतल्या दहा-बारा फाइल्स उघडून बघायच्या.

तिची एकच नाजूक गोष्ट. चालू असताना तिचं वाचणारं टोक तबकडीच्या वर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. तेव्हा चालू डिस्क उचलून सोफ्यावरून टेबलावर ठेवू नका, आणि पोरांना केबलला पाय अडकवू देऊ नका. बंद असताना ती बरीच सोशिक असते.

त्यातही दोन आकार आहेत. खिशात मावणारी, यूएसबीवरच चालणारी छोटी, आणि वेगळा अडॅप्टर लागणारी मोठी. मोठीत जागा जास्त मिळते, पण इथला अडॅप्टर भारतात नेला की पिनांचा घोळ, आणि तो अडॅप्टर दोन वर्षांत हमखास हरवतो. दोन्ही छोट्याच घ्या.

जागा किती? सोपा हिशेब: आत्ता जेवढा पसारा आहे त्याच्या दुप्पट. फोटो फारसे जागा खात नाहीत, खातात ते व्हिडिओ. आयफोनवर फोर-के व्हिडिओ ३० फ्रेमने घेतला तर मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, ६० फ्रेमने घेतला तर ४००. म्हणजे मंडळाच्या गणपतीची दहा मिनिटांची मिरवणूक ४ जीबी. आपल्यातले उत्साही काका अख्खं लेझीम पथक घेतात, त्यांनी आपापला हिशेब करावा. बहुतेक घरांना २ टीबी पुरते, हौशी मंडळींनी ४ किंवा ५ घ्यावी. आणि २ टीबीची डिस्क कॉम्प्युटरला लावल्यावर १.८१ दाखवते तेव्हा दुकानदाराला शिव्या देऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच.

शिव्या द्यायच्याच असतील तर ‘१६ टीबी, २० पाउंड’ अशा जाहिरातींना द्या. त्या खोक्यात एखादं छोटं मेमरी कार्ड असतं आणि त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर १६ टीबी दाखवतो, तुम्ही आनंदाने भरत जाता, आणि खरी जागा संपल्यावर पुढचं सगळं हवेत जातं. हे कळतं तेव्हा मूळ फोटो फोनमधून पुसून झालेले असतात. नव्या डिस्कबद्दल शंका आली तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅकवर एफ-थ्री हे मोफत प्रोग्राम ती पूर्ण भरून, परत वाचून बघतात. वेळ लागतो, पण लागू दे.

वेळेवरून आठवलं. पहिल्यांदा डिस्क भरताना ती मध्येच मंदावते आणि लोक घाबरतात. आजकालच्या बहुतेक छोट्या डिस्कमध्ये माहितीच्या रेषा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे सलग खूप लिहिताना ती दमते. बॅकअपसाठी त्याने काही बिघडत नाही. एरवीच्या वेगाने १ टीबीला पावणेतीन तास धरा, बारीकसारीक फाइल्स असतील तर रात्रभर. आणि बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचा जुना यूएसबी पोर्ट असेल तर आठ तासांच्या पुढेच.

आता ज्यावर ग्रुपमध्ये कुणीच बोलत नाही ते बोलते. तुमची डिस्क तिकडे कोण उघडणार आहे, आणि कशावर? इथे घरात मॅक असतो. आपण डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट करतो, भरतो, पुण्याला नेतो, आणि भावाच्या विंडोजवर ती उघडतच नाही. उलट विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालणारी पद्धत म्हणजे एक्सफॅट. भारतात राहणारी डिस्क एक्सफॅटच ठेवा, आणि साध्या फोल्डरमध्ये साध्या फाइल्स ठेवा. मॅकच्या टाइम मशीनसाठी इथली वेगळी ठेवा, तिची पद्धत तिची असते. एक्सफॅट जरा भाबडी आहे, लिहिताना मध्येच उपटली की गोंधळते, म्हणून ‘इजेक्ट’ करूनच काढायची. केबलही दोन्ही टोकांची घ्या. इथल्या नव्या लॅपटॉपला यूएसबी-सीच असतो, आणि तिकडच्या डेस्कटॉपला जुना चौकोनी. जास्तीची एक केबल डिस्कच्या पाउचमध्येच ठेवली तर उत्तम. डिस्क गेली म्हणून रडणाऱ्यांपैकी काहींची नुसती केबल गेलेली असते.

आणि कुलूप. यावर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण मी ते बदलणार नाही. आमच्या ओळखीत एक कुटुंब आहे. घरातलं सगळं डिजिटल खातं नवऱ्याकडे. माणूस अत्यंत व्यवस्थित. डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली, पासवर्ड डोक्यात. पन्नाशीत, ध्यानीमनी नसताना, हार्ट ॲटॅकने गेले. आज ती डिस्क त्यांच्या बायकोच्या कपाटात आहे. बिघडलेली नाही, लावली की दिवा लागतो, आणि ४८ आकड्यांची किल्ली मागते. दोन्ही मुलांची पहिली दहा वर्षं त्यात आहेत. जगातला कुठलाही तज्ज्ञ ती उघडू शकत नाही, कारण ती उघडता येऊ नये म्हणूनच तर कुलूप बनवलेलं असतं.

म्हणून मी म्हणते, फोटो आणि आवाज उघडे ठेवा. चोराला तुमच्या मुलाच्या बारशाचे फोटो मिळाले तर मिळू देत. कागदपत्रं मात्र वेगळी. पासपोर्टचे स्कॅन, ओसीआय, सातबारा, इंडेक्स टू, मुखत्यारपत्र, इथले टॅक्सचे कागद, हे एका वेगळ्या पासवर्डच्या फाइलमध्ये बांधा. सेव्हन-झिपसारख्या मोफत प्रोग्रामने ते होतं. आणि तो पासवर्ड कागदावर, स्वच्छ अक्षरात लिहून मृत्युपत्राबरोबर ठेवा. ‘असं अशुभ काय बोलतेस’ हे मी ऐकलेलं आहे. त्या वहिनींना कुणी हे वेळेवर बोललं असतं तर बरं झालं असतं.

दुकानात काही डिस्क ‘अंगभूत सुरक्षा’ म्हणून विकल्या जातात. त्यातल्या बऱ्याच जणींत कुलपाचं काम यूएसबीच्या छोट्या पट्टीवरची चिप करते. पट्टी जळली तर तबकडी शाबूत असूनही आतलं वाचता येत नाही. घरगुती फोटोंसाठी ही ब्याद नको.

क्लाउडवाल्यांना राग येण्याआधी सांगते, मी क्लाउडच्या विरुद्ध नाही. ती तिसरी प्रत म्हणून छान आहे. पण ते भाड्याचं घर आहे. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला बंद झाली, आता १५ जीबीत जीमेलसकट सगळं बसवायचं. दोन वर्षं खातं वापरलं नाही तर गुगल ते पुसून टाकू शकतं. वारस नेमायची सोय गुगलवरही आहे आणि ॲपलवरही. आजच नेमून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. अजून एक फरक म्हणजे क्लाउडवर एकाने पुसलं की सगळ्या फोन-लॅपटॉपवरून पुसलं जातं. त्याला सिंक म्हणतात, बॅकअप नाही.

शिवाय यात एक छुपी अडचण आहे, आणि ती मला सगळ्यांत धोक्याची वाटते. लॅपटॉपवर जागा वाचावी म्हणून आयक्लाउड आणि वनड्राइव्ह मूळ फाइल्स क्लाउडवर ठेवतात आणि इथे नुसती पाटी लावतात. फोटो दिसतो, पण तो तिथे नसतो. अशा लॅपटॉपचा बॅकअप घेतला तर डिस्कवर पाट्याच जाण्याची शक्यता. विंडोजवर फाइलच्या शेजारी ढगाचं चित्र दिसलं तर ती इथे नाही असं समजा. आधी उतरवून घ्या, मॅकवर ‘ऑप्टिमाइझ’ बंद करा, मग डिस्क लावा.

आणि काम झालं की काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क म्हणजे घराच्या किल्ल्या दारालाच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा इथल्या एनएचएसच्या कितीतरी रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या होत्या. तसला व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सनाही कुलूप लावतो. कपाटातल्या डिस्कपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. तिकडच्या लोकांनी मार्च एंडच्या धावपळीत आणि इथल्यांनी ५ एप्रिलच्या टॅक्स वर्षाच्या जोडीला हेही उरकून टाकावं.

तिकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या फोनमध्ये जे आहे तेही या डिस्कवर यायला हवं. आम्हाला व्हॉट्सॲपवर येणारे फोटो दाबून लहान झालेले असतात. आत्याची पंचाहत्तरी तुमच्या फोनमध्ये मोठी आहे आणि आमच्याकडे टपाल तिकिटाएवढी. घरात डिस्क आहे, तर महिन्या-दोन महिन्यांनी कुणी तरी फोन जोडून ते उतरवून घ्या. आजीच्या ओव्यांची कॅसेट माळ्यावर असेल तर तिला बुरशी लागायच्या आत रेकॉर्ड करून आणा. आणि डिस्क माळ्यावर ठेवू नका, तळमजल्यावरच्या कपाटात खालच्या खणात तर नकोच. कोकणात असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून.

आमच्या घरची पद्धत अशी आहे. भारतात जाताना इथे ताजी भरलेली डिस्क केबिन बॅगेत घालायची. एक्स-रे मशीनने तिला काही होत नाही, आपटण्याने होतं, म्हणून चेक-इन बॅगेत नाही. पुण्याला भावाकडे ती द्यायची आणि तिकडची परत आणायची. तिच्यात तिकडचे वर्षभराचे फोटो असतात, ते आणून इथे उतरवायचे. अडचण एकदाच आली. भाच्याला दीड टीबी मोकळी जागा सापडली आणि त्याने ती वेब सिरीजनी भरून टाकली. तेव्हापासून डिस्कवर मार्करने लिहिलेलं असतं, ‘फोटो व कागद, डिसेंबर २०२५ पर्यंत, फोटोंना कुलूप नाही’. त्याच्या खाली वहिनीने आपल्या अक्षरात लिहिलंय, ‘सिनेमे भरू नयेत.’